येणारा प्रोसेसर आणि रोडपालीचा साडू

माझ्या साडूने दिवाळीत नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्या पूजेला आम्हाला जोडीने बोलावलं होतं. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहतो रोडपालीला, धंदा करतो माझाच, लग्नाच्या शूटिंगचा, आणि शिकलाही माझ्याच हाताखाली. कॅमेरा खांद्यावर कसा तोलायचा, नवरीची आई आता रडणार हे आधी कसं ओळखायचं, पंगतीत कुणाचा घास तोंडात असताना कॅमेरा त्याच्यावर न्यायचा नाही, हे सगळं मी शिकवलं. माझ्या आधी नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही, एवढं मात्र शिकवायचं राहिलं. ते त्याला आपलं आपण कळेल असा माझा समज होता.

कॅबिनेट काचेचं. आत पंखे, पंख्यांना दिवे, दिव्यांचे रंग बदलतायत. वर मेहुणीने हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, झेंडूचा हार घातलेला, समोर नारळ. बायकोने मनापासून हात जोडले, म्हणून मीही जोडले. देवाकडे मी काय मागितलं ते इथे लिहीत नाही, पण त्यात साडूच्या पॉवर सप्लायचा उल्लेख होता.

मग साडूने एक फिल्म रेंडर करून दाखवली. लग्नात शूट केलेले तुकडे कापून, जोडून, त्यावर गाणी चढवून झाली की कॉम्प्युटर त्या सगळ्याची एक सलग फिल्म तयार करतो, त्याला आमच्यात रेंडर म्हणतात. ते चालू असताना पडद्यावर एक पट्टी भरत जाते. माझ्या दुकानात ही पट्टी सुरू झाली की मी शटर अर्धं ओढून मिसळ खायला जातो, बँकेचं काम करतो, दाढी करून येतो, आणि पट्टी माझ्याकडे बघत निम्म्यावर उभी असते. माझ्या मशीनचा पंखा असा आवाज करतो की शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे आलेली माणसं इथे पिठाची गिरणी कुठे आहे म्हणून विचारतात. आणि साडूकडे? मी पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकला होता. तो विरघळायच्या आत पट्टी भरली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरातला कॉम्प्युटरचा जाणकार मी. मी पेढा गिळला, काचेवर टिचकी मारली आणि म्हणालो, "छान आहे. पण जरा थांबायला हवं होतंस. नवा येतोय."

ही "नवा येतोय"ची गादी मी कित्येक वर्षं चालवतो आहे. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो बाजारात येण्याच्या कितीतरी आधी त्याच्याबद्दलच्या बातम्या फुटायला लागतात. तैवानमधल्या कुणीतरी कुठल्यातरी कारखान्यातला धूसर फोटो टाकलेला असतो, कुणाला म्हणे चाचणीचा नमुना मिळालेला असतो, कुणी एक आलेख टाकतं, ज्यात येणाऱ्याचा खांब उंच असतो आणि आपल्याकडे असलेल्याचा बुटका. हे सगळं मी सकाळी चहाबरोबर वाचतो. कोअर, म्हणजे आत एकाच वेळी राबणारे हात, किती असणार, गरम किती होणार, जुन्या मदरबोर्डवर बसणार की तोही बदलायला लावणार, यावर मी परदेशातल्या पोरांशी हमरीतुमरीवर आलेलो आहे. फक्त घेतलेला एकही नाही. कारण एक आला की त्याच्या पुढच्याच्या बातम्या फुटतात, आणि त्याचा खांब आणखी उंच असतो. बायको म्हणते, तुमच्यासारखी माणसं स्थळं बघायला लागली असती तर पनवेलमध्ये एकाचंही लग्न झालं नसतं, आणि मग तुम्ही शूटिंग कशाचं केलं असतंत?

पूजेहून परत आल्यावर मला जेवण गेलं नाही. ॲसिडिटी म्हणून मी सोडा घेतला. सोड्याने ते जाणारं नव्हतं.

त्यात मोऱ्याच्या मावशीचा निरोप आला. मोरा म्हणजे उरणचा धक्का, जिथून मुंबईला लाँच सुटते. मावशीचं घर धक्क्याच्या वरच्या अंगाला, घरची बोट, मासळीचा मोठा व्यवहार. तिच्या दोन मुलींची आणि थोरल्या मुलाची लग्नं मी शूट केलेली. आता शेंडेफळाचं निघालं होतं. या घराचं काम म्हणजे माझ्या धंद्यातलं मानाचं पान. उरण-पनवेल पट्ट्यात मी नव्या गिऱ्हाइकाशी बोलायला बसलो की पहिलं वाक्य हेच असतं, मोऱ्याच्या मावशीकडची सगळी लग्नं आपलीच.

मी गेलो तेव्हा मावशी ओट्यावर बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. तिने मला बसायला सांगितलं आणि सरळ मुद्द्यावर आली. खारघरला एका लग्नाला गेली होती ती. तिथे मांडवात मोठा एलईडी पडदा लावलेला, आणि त्यावर आदल्या दिवशीच्या हळदीची फिल्म. गाणी लावून, नटवून, सगळं तयार. लोक म्हणे अक्षता टाकायचं विसरून पडद्याकडे बघत होते. तिला तसंच पाहिजे होतं.

"हलदीला आमचा सगला गाव नाचतो, आनी लगनाला नुसता बसून घाम पुसतो," ती म्हणाली. "मना हलद लगनात दिसली पायजे. तो रोडपालीचा बारका करतो. तुजा कंप्युटर करल का?"

रोडपालीचा बारका म्हणजे आमचे साडू. खारघरची ती फिल्म त्यानेच केलेली. पूजेला मला पेढा खाऊ घातला, पण हे सांगितलं नव्हतं.

आता हळद संध्याकाळी सुरू होणार, लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या वेळात माझ्या मशीनवर फिल्म करायची म्हणजे पट्टी भरेपर्यंत नवराबायको देवदर्शनाहून परत आली असती. हे मला ठाऊक होतं. तरीही मी म्हणालो की मावशी, काळजी सोड, लग्नाच्या आधी माझ्याकडे नवा प्रोसेसर येतोय, बारक्याकडे आहेत त्याच्या दुप्पट कोअर. तिने कोअर म्हणजे काय विचारलं नव्हतं, पण मी सांगितलं. म्हटलं, हळदीच्या दिवशी भाकऱ्या थापायला शेजारच्या बायका येतात ना, तसं समज. बारक्याकडे चार चुलींवर बायका बसल्यात, माझ्याकडे अख्खी आळी बसणार.

मावशीने एक सोडा उचलून बाजूला टाकला. "आनी कालवन कोन करल?"

काम माझ्याकडे राहिलं. जुना माणूस म्हणून. पण उठताना ती म्हणाली, "नाय जमला तर आदी सांग. बारक्याला सांगू." हे वाक्य मी उरणपासून पनवेलपर्यंत गाडीत मागच्या सीटवर बसवून आणलं.

आता तुम्ही म्हणाल, याने घरी येऊन गुपचूप एक बरं मशीन घ्यायला हवं होतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी व्हॉट्सॲप उघडलं. आमच्या भागातल्या फोटोवाल्यांचा गट आहे. साडू त्यात आहे. त्या दिवशी येणाऱ्या प्रोसेसरचा एक नवा आलेख फुटला होता. त्यात खांब थोडासाच उंच होता, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे खात्रीचं नाही. मी बारीक अक्षरं कापली. मग नुसता आलेख फिका वाटला, म्हणून वर लिहिलं, आपल्या कामात जवळजवळ दुप्पट वेग, गेल्या दिवाळीत ज्यांनी घेतले त्यांचे डबे आता भंगारात. शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्या रात्री मला झकास झोप लागली.

साडूचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाज बारीक. दादा, खरंच का इतका फरक पडणार? मी म्हटलं, आकडे तसं म्हणतायत. तो म्हणाला, मग मी काय करू? खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. पण मला तो झेंडूचा हार आठवला, तो पेढा आठवला, आणि खारघरच्या मांडवातली ती अक्षता विसरलेली माणसं डोळ्यांपुढे आली.

"विकायचं असेल तर आत्ताच विकून टाक," मी म्हणालो. "तो आला की तुझ्या मशीनला कुणी हात लावणार नाही."

मला वाटलं होतं तो दोनचार दिवस जळेल, माझ्यासारखा सोडा पिईल. विकेल असं वाटलं नव्हतं. पण तो माझ्याच हाताखाली शिकलेला, सांगितलेलं ऐकण्याची सवय. खारघरच्या एका कॉलेजातल्या पोराने ते मशीन गेम खेळायला उचलून नेलं. हारासकट.

ही बातमी मी बायकोला सांगितली तेव्हा ती मेथी निवडत होती. माझा चेहरा बहुतेक समाधानी असावा, कारण तिने आधी चेहऱ्याकडे बघितलं आणि मग मेथी खाली ठेवली.

"अहो, मोऱ्याचं काम तुम्ही कशावर करणार होतात?"

"नवा येतोय."

"नाही आला तर? मी धाकटीला सांगून ठेवलं होतं, त्या दिवशी तुझ्या नवऱ्याचं मशीन मोकळं ठेव, यांना लागेल. ती हो म्हणाली होती."

म्हणजे माझी सोय झालेली होती. घरातल्या घरात, मला न कळवता, दोन बहिणींनी करून ठेवलेली. आणि ती सोय मी स्वतःच्या अंगठ्याने टाइप करून खारघरला पाठवली होती.

मग तो प्रोसेसर आला. तिकडे परदेशात मोठा समारंभ झाला, काळा शर्ट घातलेल्या माणसाने तो चिमटीत धरून दाखवला. पाठोपाठ लोकांनी खऱ्या चाचण्या केल्या. गेममध्ये जरासा बरा. आमच्या कामात मागच्याच्या मागेपुढे. गरम मात्र असा, की एकाने त्यावर पापड भाजून दाखवला. शिवाय मदरबोर्ड नवा लागणार, आणि आमच्या पनवेलच्या दुकानदाराकडे माल येणार लग्नसराई उलटल्यावर.

साडूचा फोन आला.

"दादा, तुम्ही तर दुप्पट म्हणाला होतात."

"मी नाही रे. फुटलेले आकडे तसं म्हणत होते."

"आकड्यांना विचारायला कोण गेलं होतं? मी तुम्हाला विचारलं होतं."

यावर मी रेंज जात असल्याचं नाटक केलं. घरात रेंज उत्तम असते.

मावशीला आधी सांगायचं ठरलं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम बारक्याकडे गेलं असतं, आणि बारक्याकडे मशीन असो वा नसो, ते नाव त्या घराला चिकटलं असतं. शेवटी बायकोने मेहुणीला गळ घातली आणि साडू हळदीला माझ्या मदतीला आला. दुसरा कॅमेरा घेऊन, तोंड बंद ठेवून.

हळद जबरदस्त झाली. डीजेने धक्क्यावरच्या बोटी हलवल्या असतील. मध्ये तो थांबवला, कारण धवलारीण गाणार होती. धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्नाचे विधी आणि त्यांची गाणी जिला पाठ असतात ती बाई. तिच्यावर कॅमेरा लावून मी उभा होतो. शेजारी उद्याचा पडदा लावायला आलेला एलईडीवाला येऊन टेकला आणि त्याने विचारलं, की उद्याची फिल्म कशावर करताय, ऐकलं की बारक्याने मशीन विकलं.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शूटिंग करताना आम्ही अखंड बडबडतो. कॅमेऱ्यात आवाज जात असतो हे माहीत असतं, पण फिल्म करताना तो सगळा काढून वर गाणं टाकायचं असतं. माझ्या आयुष्यात मी कॅमेऱ्यामागे काय काय बोललोय, नवरदेवांच्या नाकांपासून मामांच्या आहेरापर्यंत, ते सगळं सनई-चौघड्याखाली गाडलं गेलंय. त्यामुळे मी मोकळेपणाने बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात पट्टी सुरू केली. तिने भरायचं नाव काढलं नाही. बाहेर बायको रिक्षा घेऊन उभी, मेहुणी नटून आत बसलेली, आणि मी पंख्याच्या आवाजात घामाघूम. तेव्हा साडू पहिल्यांदा बोलला.

"दादा, बंद करा ते. फिल्म नको. कॅमेऱ्यालाच वायर लावू आणि सरळ पडद्यावर सोडू. हळद आहे तशी दिसू दे."

मला हे सुचलं नव्हतं याचा मला पहिल्यांदा राग आला. ते चालणार होतं याचा दुसऱ्यांदा.

मांडवात पडद्यामागे साडू दोन कॅमेरे मांडीवर घेऊन बसला. हा तुकडा दाखवायचा, तो पुढे ढकलायचा, बोटाने ठरवत होता. आणि लोक खुळावले. कारण फिल्म केली असती तर मी नवऱ्याची चार नातलग मंडळी ठेवली असती आणि बाकी गाव कापलं असतं. इथे गाव सबंध होतं. पदर खोचून नाचणाऱ्या म्हाताऱ्या, पिवळा झालेला कुत्रा, भाकऱ्यांची चळत घेऊन कॅमेऱ्यापुढून जाणाऱ्या बायका. जो तो स्वतःला शोधत होता आणि सापडला की शेजाऱ्याला कोपराने ढोसत होता. मावशी पहिल्या रांगेत हसून हसून डोळे पुसत होती. मी पडद्याच्या कडेला उभा राहून ते बघत होतो, आणि ते हसणं बारक्याचं आहे, माझं नाही, हे गिळत होतो.

मग पडद्यावर धवलारीण आली. गाणं सुरू झालं, मांडव शांत झाला. आणि डीजेच्या कर्ण्यांतून, धवलारणीच्या सुराच्या वर, माझा आवाज आला.

"अरे, विकलं कसलं, मीच विकायला लावलं. नव्याचा आकडा जरा फुगवून गटावर टाकला. साडूचं मशीन बघवत नव्हतं मला."

पडद्यावर धवलारीण शांतपणे नवऱ्याच्या कपाळाला हळद लावत होती.

मांडवात इतकं माणूस होतं, पण मला चारच चेहरे दिसले. बायको, जिला हे आधीच माहीत असावं असं वाटलं. मेहुणी, जिला नव्हतं. एलईडीवाला, जो वायर तपासायला म्हणून खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. आणि पडद्यामागून डोकावलेला साडू. त्याचं बोट बटणावर होतं. एका दाबात तो तुकडा पुढे गेला असता.

"दादा," तो म्हणाला, "मागे घेऊन परत लावू का? मावशीला नीट ऐकू गेलं नसेल."

आणि लावला.

दुसऱ्या वेळी मांडव फुटला. आगरी-कोळी मांडव हसायला लागला की तो मध्ये थांबत नाही, बोहल्यावरचा नवराही हसत होता, बाशिंग सांभाळत. मावशी उठून माझ्यापर्यंत आली. माझा दंड धरला. मला वाटलं, संपलं, मोऱ्याचं घर गेलं.

"साडवाचा डबा तुला बघवला नाय," ती म्हणाली, "आता सगल्या मोऱ्याने तुला बघितला. पुतनीचं लगीन हाय आमचं शिमग्यानंतर. तुमी दोगंव या. बारका पडदा बघल, तू कॅमेरा धर. बोलायचं नाय."

म्हणजे घर राहिलं. पण आता नव्या गिऱ्हाइकाशी बोलताना माझं पहिलं वाक्य थोडं लांबलंय, मोऱ्याच्या मावशीकडची सगळी लग्नं आपलीच, मी आणि साडू. आणि हे "आणि साडू" म्हणताना दर वेळी माझ्या घशात त्या पेढ्याचा अर्धा तुकडा अडकतो.

मेहुणी महिनाभर माझ्याशी बायकोमार्फत बोलली. लग्नसराई उलटल्यावर साडूचा मेसेज आला. नवा आलाय दुकानात. किंमत उतरलेला मागचाही आहे. कुठला घेऊ, दादा?

माझ्या अंगठ्याने सवयीने "थांब" लिहिलं. त्याच्या पुढचा येतोय, त्याच्या बातम्या मी त्याच सकाळी वाचल्या होत्या, खांब उंच होता. मग मी ते पुसलं. मागचा घे, असं लिहिलं, त्यात काही कमी नाही. खरं तेच होतं. खरं लिहिताना इतका जीव जातो हे मला ठाऊक नव्हतं.

त्याने घेतला. पुन्हा काच, पुन्हा दिवे, पुन्हा झेंडू. पूजेला आम्ही गेलो, मेहुणीने पेढा माझ्या हातावर ठेवला, थोडा उंचावरून, पण ठेवला. सगळे जमल्यावर साडू म्हणाला, वेग बघू या. नवं मशीन तपासायला त्याच्याकडे आता एक ठरलेला तुकडा आहे. कॉम्प्युटर कुठलाही असो, तो हाच तुकडा रेंडर करून बघतो. त्याने तो लावला. एका खिडकीत धवलारीण हळद लावायला लागली, दुसऱ्या खिडकीत पट्टी सुरू झाली, आणि स्पीकरमधून मी बोलायला लागलो.

"साडूचं मशीन" इथपर्यंत मी पोचलो होतो, तोवर पट्टी भरली होती.